विल्माने टाकला शब्द

विल्मा दोम्ब्रोव्स्कीला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. हे मी म्हणत नाही, ती स्वतःच सांगते आणि वर अभिमानाने सांगते. एकतीस वर्षं ती बफेलोच्या संघाच्या जर्सींवर नावं शिवते आहे, आणि एवढ्या वर्षांत तिने एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही. "एवढी ताडमाड माणसं, आणि टोपली त्यांच्या हाताशी टांगायची. आणखी वर टांगा, मग बघू कौतुक," हे तिचं या खेळावरचं एकमेव मत. पण संघ सोडून कोण जाणार, हे मात्र तिला मॅनेजरच्या आधी कळतं. जायचं मनात आलेला माणूस म्हणे तिच्याकडे फाटकी पँट शिवायला आणत नाही. फाटक्यातच दिवस काढतो.

मी गस. स्टेडियमच्या तळघरात तिच्या शिवणयंत्रासमोरच माझी धुलाईची यंत्रं आहेत. खेळाडू जगात कितीही मोठा असो, त्याचे मोजे शेवटी माझ्याकडे येतात, त्यामुळे मला कुणाचं फारसं कौतुक उरलेलं नाही. विल्मा आणि मी अठरा वर्षं रेडिओच्या आवाजावरून भांडतोय. तिला पोल्का हे नाचाचं संगीत लागतं, मला बातम्या. जिंकते नेहमी तीच, कारण रेडिओ तिचा आहे.

मूळची ती कोट शिवणाऱ्या कारखान्यातली. कारखाना बंद पडला तेव्हा छत्तीस वर्षांची होती. नवरा काझ शहराची बर्फ ढकलायची गाडी चालवायचा. तो सहा वर्षांपूर्वी गेला, आणि सबंध शहराचे रस्ते मोकळे करणाऱ्या माणसाच्या दारातला बर्फ कोण काढणार हा प्रश्न मागे ठेवून गेला. मुलगा फीनिक्सला असतो. दर रविवारी फोन करतो आणि तिकडे ऊन किती पडलंय ते सांगतो. विल्मा ऐकून घेते आणि फोन ठेवल्यावर त्या पोराचा माझ्यासमोर उद्धार करते.

तिच्या कामाची पद्धत ठरलेली. कापडाची अक्षरं कापून बिस्किटांच्या निळ्या डब्यांत भरून ठेवलेली असतात. ती आधी एका पट्टीवर शिवायची आणि मग पट्टी जर्सीच्या पाठीवर. माणूस गेला की पट्टी उसवायची, जर्सी दुसऱ्याला. यात तिचे दोन नियम आहेत. एक, माणूस दारातून आत आल्याशिवाय त्याचं नाव शिवायचं नाही. पूर्वी एकदा तिने घाईने अकरा जर्सी शिवल्या आणि तो खेळाडू डॉक्टरच्या तपासणीत नापास होऊन विमानतळावरूनच परत गेला. दुसरा नियम, जाणाऱ्याला त्याची पट्टी हातात द्यायची आणि सोबत डबाभर पिएरोगी, करंजीच्या आकाराचे, बटाटा आणि चीज भरलेले, लोण्यावर कांद्यात परतलेले. पिएरोगी फक्त जाणाऱ्याला. मी अठरा वर्षं राहिलोय, म्हणून मला आजवर एकही मिळाला नव्हता.

गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत ओटिस पेनिक्स आला. उंची सहा फूट अकरा इंच, आवाज मात्र ग्रंथालयात बसल्यासारखा. नऊ वर्षांत हा त्याचा आठवा संघ. एकदा आपली बदली झाल्याचं त्याला न्हाव्याच्या खुर्चीत बसून टीव्हीवरून कळलं होतं. एकदा हॉटेलच्या खोलीची किल्ली चालेना तेव्हा कळलं. एकदा तर बसच्या ड्रायव्हरने विचारलं, "तुझी बॅग काढून ठेवू का खाली?" अशा माणसाला विल्माने जर्सींचा गठ्ठा पुढे ओढून विचारलं, "पोरा, तीन शिवू का पाच?"

"कितीही शिवा, मॅडम," तो म्हणाला. "फक्त धावदोऱ्याने लावा. उसवायला सोपं जाईल."

विल्माने जाड दोऱ्याचं रीळ काढलं. मग तिने त्याच्या पाचही जर्सींवर दुहेरी टीप घातली. तेव्हापासून तो तिचा झाला, यात मला काही शंका नाही.

तिच्या शेजारचं घर विकायला निघालं होतं. बाकीचे खेळाडू तळ्याकाठी राजवाड्यांत राहतात. विल्माने ओटिसच्या बायकोला, रेनिटाला, ते घर दाखवलं आणि त्या दोघांनी चक्क घेतलं. कैझरटाउन या वस्तीतल्या विल्माच्या आणि माझ्या गल्लीत बास्केटबॉल खेळणारा माणूस राहायला येणं म्हणजे अप्रूप होतं. पण खरा धक्का ऑक्टोबरमध्ये बसला. ओटिसने बर्फ उडवायचं यंत्र विकत घेतलं. लाल रंगाचं, नवं कोरं. जो माणूस ते यंत्र विकत घेतो, तो इथून जायचं म्हणत नाही. आमच्याकडे लग्नाची अंगठीसुद्धा लोक इतक्या गांभीर्याने घेत नाहीत.

ते यंत्र ढकलताना तो बाहुलीची बाबागाडी ढकलतोय असं दिसायचं. आधी स्वतःचं दार, मग विल्माचं, मग हात थांबत नाही म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत. सामना नसेल त्या शुक्रवारी ती मंडळी विल्मासोबत चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला यायची. त्यांची मुलगी जोएल नऊ वर्षांची होती, आणि ही तिची चौथी शाळा. एकाही शाळेत ती सप्टेंबरला सुरुवात करून जूनला शेवटापर्यंत बसलेली नव्हती. दर वेळी मध्येच येणारी आणि मध्येच जाणारी. एका शुक्रवारी ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आमच्या वर्गात नवीन मुलगी आलीये. तिला शाळा दाखवायचं काम टीचरने मला दिलं." सरकारात बढती मिळाल्यासारखं तिने ते सांगितलं. ओटिसने तिला कबूल केलं होतं, हे वर्ष जूनपर्यंत इथेच. विल्माने ते ऐकलं होतं, मी ऐकलं होतं, आणि टेबलावरच्या माशानेही ऐकलं असेल.

आता जॅरेल माँटगोमरीकडे येऊ. आमचा तारा. सात वर्षं या शहराने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्या नावाची इंग्रजीतली दहा अक्षरं शिवून शिवून विल्माचा चष्म्याचा नंबर वाढला. पोरगा वाईट नाही. पण जानेवारीत अचानक त्याची पाठ दुखायला लागली, आणि ताऱ्यांची पाठ जानेवारीत का दुखते हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. दुसऱ्या संघात जायचं असतं. फेब्रुवारीतल्या एका ठरलेल्या गुरुवारी दुपारी तीनपर्यंतच खेळाडूंची अदलाबदल करता येते. त्यानंतर जो जिथे असेल तिथे त्याने मोसम काढायचा.

जॅरेलच्या करारात असं कलम होतं की त्याच्या सहीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही. असं कलम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांच्याच नशिबी असतं. मॅनेजरने त्याला विचारलं, बाबा, कुठे कुठे चालेल त्याची यादी दे. यादी आली. मायामी, मायामी, आणि नाइलाज झाला तर मायामी. ओटिसच्या करारात काय होतं म्हणाल, तर त्याचं नाव बरोबर लिहिलेलं होतं, एवढंच.

सोमवारी पेपरात आलं. अदलाबदलीत दोन्हीकडच्या पगारांची पारडी साधारण सारखी भरावी लागतात. जॅरेलच्या वजनाचं मायामीकडे काही नव्हतं, म्हणून मध्ये सॅक्रामेंटोचा संघ आणला आणि त्या तिसऱ्या पारड्यात वजन भरायला ओटिसला टाकला. किराणा दुकानदार शेवटी चार दाणे टाकतो ना, तसा. मी बातमी मोठ्याने वाचली. विल्माने रेडिओ बंद केला. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"रेनिटाला आठवा महिना आहे," ती म्हणाली.

"सॅक्रामेंटोतही दवाखाने असतात."

"गस, तुझं तोंड त्या यंत्रात घाल आणि गरम पाण्यावर लाव."

मंगळवारी तिने जॅरेलला निरोप धाडला की कमरेचं माप घ्यायचंय, ताबडतोब ये. तो आला. विल्मा स्टुलावर चढली, तोंडात टाचण्या धरल्या, त्याच्या कमरेला फीत गुंडाळली. सहा फूट आठ इंचाच्या माणसाला एका जागी उभा करायचा हाच एक उपाय आहे. मी टॉवेलच्या घड्या घालत होतो, म्हणजे कान देऊन ऐकत होतो.

"पाठ कशी आहे?"

"दुखते, मिस विल्मा."

"पायऱ्यांवरून उड्या मारत आली तुझी पाठ. ऐकलं मी. हात वर कर. तुझ्या सहीशिवाय काही होत नाही म्हणे?"

"नाही होत." बढाई नव्हती त्यात. आपल्या बुटाचा नंबर सांगावा तसं म्हणाला.

"मग ओटिसचं काय चाललंय ते सांग."

"ओटिस? ओटिसचा काय संबंध?"

खरंच माहीत नव्हतं त्याला. बातमीत आपल्या नावाच्या खाली त्याने वाचलंच नव्हतं. विल्माने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि त्याला सगळं ऐकवलं. आठवा महिना, चौथी शाळा, पोरीला दिलेला शब्द.

"मला खरंच माहीत नव्हतं, मिस विल्मा."

"आता झालं ना माहीत? त्याला सॅक्रामेंटोला जाऊ देऊ नकोस. तुझा शब्द चालतो. एक शब्द माझ्या ओटिससाठी टाक."

जॅरेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "सात वर्षं तुम्ही माझ्यासाठी शिवलंत. कधी काही मागितलं नाहीत. हे झालं समजा." तो तिला मिठी मारायला वाकला आणि तिच्या हातातली टाचणी त्याला पाठीत टोचली. "आई गं!"

"आता खरी दुखली," विल्मा म्हणाली.

बुधवारच्या पेपरात मथळाच होता. माँटगोमरी अडून बसला, पेनिक्सला सॅक्रामेंटोला पाठवाल तर सही नाही. विल्माने ते कात्रण शिवणयंत्राला चिकटवलं. संध्याकाळी आनंदाच्या भरात तिने पिएरोगी केले आणि गुरुवारी सकाळी दोन डबे भरून घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, पिएरोगी जाणाऱ्याला ना? कोण चाललंय?" तर म्हणाली, "आज नियम बाजूला. घे, तूही खा." मी चार खाल्ले. अठरा वर्षांची भूक होती. पण नियम मोडलेला मला आवडला नाही, हे खरं.

दोन वाजून दहा मिनिटांनी ओटिस तळघरात आला. आमच्या जिन्यावर एक आडवा पाइप आहे, त्याखालून तो रोज वाकून येतो. त्या दिवशी त्याचं डोकं आपटलं.

"मायामी," तो म्हणाला.

"माहितीये. तीन वाजता सही करणार तो," विल्मा म्हणाली. "पिएरोगी घे."

"तो नाही. म्हणजे, तो पण. आणि मी पण."

रेडिओवर पोल्का चालू होता. मी जाऊन बंद केला. विल्माने करू दिला.

"जॅरेलनेच सांगितलं त्यांना," ओटिस कपाळ चोळत म्हणाला. "ओटिसला माझ्यासोबत मायामीला घेतलं तरच सही करीन. एजंट म्हणतो, नऊ वर्षांत तुझ्यासाठी कुणी एवढं केलेलं नाही. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

सदुसष्ट वर्षांची बाई गळ्यात फीत तशीच ठेवून दोन मजले धडाधड चढली. मी आणि ओटिस मागून. लॉकर रूममध्ये जॅरेल आपले बूट खोक्यांत भरत होता. विल्माला पाहून त्याने दोन्ही हात पसरले. चेहरा कसा, घरी पहिला नंबर घेऊन आलेल्या पोरासारखा.

"मिस विल्मा! केलं की नाही तुमचं काम?"

"काय केलंस तू?"

"वाचवला त्याला! सॅक्रामेंटोच्या तोंडातून काढला. मायामी! समुद्र, ऊन, माझ्या घराशेजारी घरसुद्धा बघतोय त्याच्यासाठी."

"मी तुला त्याला ठेव म्हणाले होते."

"कुठे?"

"इथे!"

जॅरेल खिडकीकडे वळला. बाहेर तळ्यावरून येणारा बर्फ आडवा उडत होता, आणि तीन माणसं फावड्यांनी मॅनेजरची गाडी शोधत होती.

"इथे?" त्याने पुन्हा विचारलं. "स्वतःच्या मर्जीने?"

चेष्टा नव्हती हो ती. त्याला खरोखर कळत नव्हतं. शेवटी तो ओटिसकडे वळला आणि म्हणाला, "भावा, तुला कुठे जायचंय?"

एवढा साधा प्रश्न. पण ओटिसला तो नऊ वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही उत्तर माझ्या खिशात होतं. "जिथे... जिथे पाठवतील," तो म्हणाला.

"अरे बोल की रे!" विल्मा ओरडली.

ओटिसने जॅरेलचा खाली पडलेला एक बूट उचलून खोक्यात ठेवला. मग हळूच म्हणाला, "मी बर्फाचं यंत्र घेतलंय."

जॅरेलने फोन काढला. दोन एकतीस. ताऱ्याचा फोन कसा उचलला जातो ते मी त्या दिवशी पाहिलं. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत. तो एजंटवर ओरडला, एजंट मायामीवर, मायामीवाले आमच्या मॅनेजरवर. पण जॅरेलच्या एका शब्दावर दोन दिवसांत तिन्ही शहरांची पारडी नव्याने भरली गेली होती. मायामीचा एक खेळाडू बायकापोरांसह विमानतळावर बसला होता. एकाने सॅक्रामेंटोतलं घर सोडलं होतं. उत्तर आलं ते असं: ओटिसला काढायचं तर सगळंच मोडेल, आणि नवं मांडायला आता वेळ नाही. मग जॅरेलने उन्हाळ्यापर्यंत बफेलोतच राहावं.

म्हणजे ओटिसला ठेवायचं त्याच्या हातात होतं. फक्त त्यासाठी त्याला स्वतःला राहावं लागणार होतं.

जॅरेलने ओटिसकडे पाहिलं. मग विल्माकडे. मग खिडकीकडे पाहिलं, आणि तिथेच बघत राहिला. दोन त्रेचाळीस. दोन सत्तेचाळीस.

"सही कर, जॅरेल," ओटिसच म्हणाला. "मला सवय आहे."

दोन बावन्नला त्याने सही केली. मला इतका राग आला की हातात ओला टॉवेल असता तर त्याच्या तोंडावर फेकला असता. सात वर्षांचं प्रेम आणि एक खिडकी, आणि जिंकली खिडकी. पण घरी जाताना वाटेत गाडी दोनदा रुतली. चाकाखालचा बर्फ हातांनी उकरत होतो तेव्हा माझ्या मनात आलं, त्याच्या जागी मी असतो तर? खरं सांगतो, मी दोन पस्तीसलाच केली असती.

निघताना जॅरेल तळघरात आला. मान खाली. विल्माने त्याला दहा अक्षरांची पट्टी दिली आणि पिएरोगीचा डबा दिला. डब्यात चार कमी होते, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

"माझं चुकलं, मिस विल्मा."

"माझंही चुकलं. मला वाटलं, इथून जायला कोण निघेल? तुला वाटलं, इथे राहायला कोण मागेल? दोघांनीही त्याला विचारलं नाही." तिने त्याचा गाल थोपटला. "जा. पाठीला जप."

ओटिसला तिने दुसरा डबा दिला. पट्टी दिली नाही.

"माझी पट्टी?" त्याने विचारलं.

"दुहेरी टीप आहे. उसवायला वेळ लागेल."

आपण आता रडणार हे कळल्यावर ती माझ्यावर खेकसली, की टॉवेल अजून घड्या न करता का पडलेत. मी घड्या घालायला लागलो. मलाही काही सुधरत नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी रेनिटा पोट सांभाळत विल्माच्या दारात आली. मागे ओटिस बॅग धरून उभा. "माझं ऐका," ती म्हणाली. "बदली ओटिसची झालीये. माझी झालेली नाही. जोएलची तर नाहीच नाही. मी ओटिसचा करार वाचलाय, त्यात आम्हा दोघींचं नाव कुठेही नाही."

"मग?" विल्माने विचारलं.

"मग जूनपर्यंत आम्ही इथेच. जमेल ना?"

"जमेल का म्हणून काय विचारतेस? बूट काढ आणि आत ये."

बाळ मार्चमध्ये झालं. मुलगा, नाव आयझेया. दोन सामन्यांच्या मध्ये ओटिस सव्वीस तासांसाठी येऊन गेला, त्यातले तीन तास त्याने गल्लीतला बर्फ काढण्यात घालवले. तो गेल्यावर ते लाल यंत्र माझ्या गळ्यात पडलं, कारण विल्माने तसं ठरवलं. पहिल्याच दिवशी मी समोरच्या कोवाल्स्कींच्या अंगणातल्या माता मरियमच्या पुतळ्याला गळ्यापर्यंत पुरून टाकलं. विल्मा खिडकी उघडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "ओटिसने एवढ्यात चार दारं मोकळी केली असती!" मी म्हटलं, "मग त्यालाच बोलाव." ती खिडकी लावून आत गेली. तसं बोलायला नको होतं मी.

जूनमध्ये जोएलचं वर्ष पुरं झालं. शेवटच्या दिवसाचा पिवळा फ्रॉक विल्माने शिवला. पोरगी घरी आली ती प्रगतिपुस्तक फडकवत, आणि सगळ्यांत आधी तिने आम्हाला गुण दाखवले नाहीत. तिने बोट ठेवलं ते हजेरीच्या रकान्यांवर. सप्टेंबरपासून जूनपर्यंत, एकही रिकामा नव्हता.

आणि जुलैमध्ये ओटिसचा करार संपला. लहान खेळाडूला मर्जी असते ती एवढ्याच दिवसांपुरती. करार संपल्यापासून नवा होईपर्यंत. एका दुपारी तळघरातला फोन वाजला. मायामीहून जॅरेल.

"मिस विल्मा, तुमच्या ओटिसचं डोकं फिरलंय का?"

"काय झालं?"

"मी पुन्हा शब्द टाकला त्याच्यासाठी! या वेळी आधी त्याला विचारून. दोन वर्षांचा करार, माझ्यासोबत, शिवाय जास्त खेळायला मिळेल. तर नको म्हणतो. एजंटने वैतागून सांगितलं, बरं बाबा, मग तुझी यादी दे. आयुष्यात पहिल्यांदा यादी मागितली त्याच्याकडे कुणी. तर या शहाण्याने काय लिहून दिलं, माहितीये?"

"काय?"

"बफेलो, बफेलो, आणि नाइलाज झाला तर बफेलो."

विल्मा इतकी हसली की फोन माझ्या हातात द्यावा लागला. पलीकडे जॅरेलही हसत होता, पण मग थोडा थांबून म्हणाला, "गस, त्या गल्लीत आहे तरी काय?" मी म्हटलं, "पुढल्या फेब्रुवारीत ये, दाखवतो. फावडं घेऊन ये."

आमचा मॅनेजर नंतर सांगत होता, जुलैमध्ये आपण लोकांना फोन करतो आणि लोक उचलत नाहीत. दहा वर्षांत बफेलोत येऊ का म्हणून स्वतःहून विचारणारा हा पहिला माणूस. बिचारा इतका भारावला होता की त्याने करार त्याच दिवशी काढला. करार सगळ्यांत लहान होता, एका वर्षाचा. पण मागून घेतलेला.

सप्टेंबरमध्ये संघाला नव्या रंगाच्या जर्सी आल्या. विल्माने सगळ्यांची नावं शिवून टाकली, पण ओटिसच्या पाच जर्सी कोऱ्या ठेवल्या, कारण नियम म्हणजे नियम. सहा अक्षरं मात्र काढून यंत्राशेजारी मांडून ठेवली होती. जुन्या जर्सीवरची पट्टी अजूनही कुणी उसवली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, वेळ कुठे मिळतो.

मग एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. ओटिस पाइपखालून नीट वाकून आत आला. विल्माने मान वर केली नाही. चष्मा नाकावर चढवला आणि सुईत दोरा ओवायला लागली.

"पोरा, तीन शिवू का पाच?"

"पाच," तो म्हणाला. मग तोच तो ग्रंथालयातला आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "आणि मिस विल्मा, टीप दुहेरी घाला हं."

"मला शिकवू नकोस," विल्मा म्हणाली. पण दोरा काही तिला ओवता येईना. शेवटी सुई माझ्याकडे आली.